पाऊस जोखणाऱ्या काचेची कुळकथा

मोटारीच्या समोरच्या काचेवर डावी-उजवीकडे झुलणाऱ्या रबरी दांडीने आजवर कोणाकोणाची ताबेदारी केली, याची मोजदाद करू गेल्यास तिचा सगळा वंशवृक्षच हाती येतो. प्रथम ती चालकाच्या मनगटाच्या हुकमात होती, पुढे इंजिनाच्या श्वासाच्या, त्यानंतर विजेने मोजलेल्या काही सेकंदांच्या, आणि अलीकडे आरशामागे दडवलेल्या एका अदृश्य किरणाच्या. मात्र ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, त्या पावसाची आणि तिची प्रत्यक्ष गाठ अशी कधी पडलीच नाही. तो आल्याची वर्दी तिला नेहमी कोणातरी मध्यस्थामार्फतच मिळत आली. हल्लीच्या मोटारींतील आपोआप चालणारे वायपर आणि आपोआप लागणारे दिवे कोठे शहाणपणाने वागतात आणि कोठे फजिती करतात, याचा उलगडा याच मध्यस्थांच्या इतिहासात आहे.

अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या बर्मिंगहॅम गावच्या मेरी अँडरसन या बाई १९०२-०३ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेल्या असता त्यांना असे दिसले की, बर्फमिश्रित पावसाने काच आंधळी झाल्यामुळे ट्रामचा चालक समोरचे तावदानच उघडून, कडाक्याचा वारा तोंडावर घेत गाडी हाकीत आहे. परतल्यावर त्यांनी, आतून दांडा ओढला की बाहेर रबराची पट्टी काच पुसून काढील आणि उन्हाळ्यात ती सोडवूनही ठेवता येईल, अशी एक साधी योजना सिद्ध केली आणि १० नोव्हेंबर १९०३ रोजी तिच्या पेटंटाची सनद मिळवली. कॅनडातील एका पेढीने १९०५ साली या वस्तूला व्यापारी मूल्य नाही असा अभिप्राय देऊन त्यांची बोळवण केली. १९२० मध्ये सनदेची मुदत संपली, आणि त्यानंतरच्या दशकात वायपर सर्वत्र रूढ झाला. बाईंच्या पदरी त्यातून एक छदामही पडला नाही.

हाताची सेवा सुटली ती इंजिनाच्या चाकरीत जाण्यासाठी. इंजिन हवा आत ओढून घेते तेव्हा नळीत जी निर्वात ओढ निर्माण होते, तिच्यावर दांडी झुलवण्याची युक्ती १९२० व १९३० च्या दशकांत फैलावली, व बफेलो शहरातील जॉन ओइशे यांची ट्रायको कंपनी तिच्यावर गबर झाली. ओइशे हे या धंद्यात आले ते १९१७ साली पावसाळी रात्री त्यांच्या मोटारीची एका सायकलस्वाराला धडक बसल्यामुळे. या योजनेत मात्र एक मूलभूत विपरीतता होती: चढावर किंवा वेग घेताना इंजिनावर भार आला की ओढ मंदावे आणि दांडी अर्ध्या वाटेत रेंगाळे, तर गाडी नुसती उभी असताना ती उत्साहाने सपासप चाले. म्हणजे चालकाला दृष्टीची गरज सर्वांत अधिक तेव्हाच सेवकाने अंग चोरावे असा प्रकार. विजेच्या मोटरने हा दोष निवारला, पण तिच्यापाशीही मंद आणि जलद एवढ्या दोनच गती असत. भुरभुर पावसात कोरड्या काचेवर रबर करकरत राही.

या भुरभुरीचा विचार रॉबर्ट कर्न्स या अभियंत्याने केला. १९५३ साली विवाहाच्या रात्री शॅम्पेनच्या बाटलीचे बूच डाव्या डोळ्यावर बसून त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. पुढे दहा वर्षांनी रिमझिम पावसात मोटार हाकताना त्याच्या मनात आले की, आपली पापणी जशी सतत न फडफडता थांबून-थांबून मिटते, तशी ही दांडी का मिटू नये? कंडेन्सरात वीज हळूहळू साचावी, ठराविक पातळी गाठताच ट्रान्झिस्टरने मोटरला इशारा द्यावा, एक फेरी व्हावी आणि पुन्हा साचणे सुरू व्हावे, अशी त्याची रचना होती. साचण्याचा वेग चालकाने बटणाने ठरवायचा. १९६४ साली त्याने पेटंटासाठी अर्ज केला. फोर्ड कंपनीने त्याची यंत्रणा पाहिली, त्याच्याशी बोलणी मोडली आणि १९६९ पासून असेच वायपर स्वतः बसवले. १९७८ मध्ये कर्न्सने फिर्याद गुदरली. कंपनीची कैफियत अशी की, यातला प्रत्येक सुटा भाग जुनाच आहे, मग नवे काय? हा युक्तिवाद मला नेहमीच लबाडीचा वाटतो, कारण त्या न्यायाने वर्णमालेतील अक्षरे आधीच असल्यामुळे कोणत्याही ग्रंथकाराला ग्रंथावर हक्क सांगता येणार नाही. अखेर १९९० मध्ये फोर्डने १ कोटी २ लाख डॉलर देऊन तंटा मिटवला, आणि पुढे क्रायस्लरलाही दंड बसला. तोवर कर्न्सचा संसार मोडला होता, आणि आयुष्याची उमेदीची वर्षे कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवण्यात गेली होती.

कर्न्सच्या यंत्राला काळ कळे, पाऊस कळत नसे. पाऊस कळावा म्हणून जे प्रयत्न झाले त्यांत जनरल मोटर्सची १९५१ ची ल सेबर ही प्रदर्शनीय गाडी उल्लेखनीय आहे. तिच्या आसनांमध्ये ओल जाणणारे यंत्र असून, थेंब पडताच गाडीचे छप्पर आपोआप वर चढे. त्याहून चतुर तोड १९७० च्या सित्रोएन एसएम गाडीत निघाली: कोरड्या काचेवर रबर अडखळते आणि मोटर अधिक वीज खाते, तेव्हा त्या विजेच्या खर्चावरून ओलाव्याचा अंदाज बांधून दोन फेऱ्यांमधला अवकाश कमी-जास्त करायचा.

आज सर्वत्र दिसते ती जात प्रकाशाची, आणि नव्वदीच्या मध्याला कॅडिलॅक गाड्यांतून ती प्रतिष्ठित झाली. आतल्या आरशाच्या मागे काचेला चिकटवलेल्या डबीतून अवरक्त किरण सुमारे ४५ अंशांनी काचेत सोडतात. काचेपलीकडे हवा असेल तर क्रांतिक कोन, म्हणजे ज्याहून तिरपा किरण बाहेर पडू शकत नाही तो कोन, सुमारे ४२ अंशांचा, म्हणून किरण बाहेर न पडता पूर्ण आंतरिक परावर्तनाने डबीत परततो. परंतु पलीकडे पाण्याचा थेंब बसला की तोच कोन सुमारे ६२ अंशांवर जातो, आणि किरणाचा काही भाग थेंबातून निसटतो. जितका प्रकाश हरवला तितका पाऊस, एवढेच या यंत्राचे गणित. संततधार पावसात, किंवा शेजारून गेलेल्या ट्रकने अकस्मात चिखलपाण्याचा लोंढा उडवला असता, ते माणसाच्या हातापेक्षा तत्पर ठरते, हे निःसंशय कबूल केले पाहिजे.

फजिती होते ती निराळ्या प्रसंगी. डबीची नजर काचेच्या काही चौरस सेंटिमीटरांपुरतीच असते. बारीक तुषारांनी चालकापुढची काच भरून गेली तरी त्या तुकड्यावर पुरेसे थेंब बसेपर्यंत दांडी स्वस्थ राहते, आणि तेथेच एखादा किडा चिरडला गेल्यास रखरखीत उन्हात कोरडी काच खरवडू लागते. रबर झिजून पाण्याचा पातळ थर मागे ठेवू लागले की यंत्राला पाऊस थांबल्याचे उमगत नाही. काच बदलताना डबीखालच्या पारदर्शक गादीत हवेचा बुडबुडा राहिला तर त्याचा हिशेबच कायमचा चुकतो. काचेच्या आतल्या अंगाला धरलेला दमट थर, ज्याने आपल्याकडच्या पावसाळ्यात निम्मा त्रास होतो, तो तर दांडीच्या अधिकारक्षेत्राबाहेरच आहे. टेस्ला कंपनीने ही डबीच काढून टाकून कॅमेऱ्याच्या चित्रावरून पाऊस ओळखण्याचे काम संगणकाकडे सोपवले. पण तिच्या ग्राहकांच्या तक्रारी वाचता, ती काटकसर अंगलट आली असेच मी म्हणेन.

दिव्यांचे कुळ याहून जुने. समुद्री तारांच्या चाचणीसाठी सेलेनियमच्या कांड्या वापरणाऱ्या विलोबी स्मिथ या इंग्रज अभियंत्याने १८७३ साली जाहीर केले की, उजेड पडताच या पदार्थाचा विद्युत्‌रोध घटतो. प्रकाशाला विजेच्या भाषेत बोलते करण्याची ही वाट पुढे मोटारीपर्यंत आली. १९५२ मध्ये जनरल मोटर्सने समोरून येणाऱ्या गाडीचा झोत ओळखून आपला प्रखर दिवा मंद करणारा ‘ऑट्रॉनिक आय’ आणला, आणि १९६४ च्या कॅडिलॅकमध्ये सांजावताच दिवे लावणारा ‘ट्वायलाइट सेंटिनल’ आला. हल्ली पावसाच्याच डबीत उजेड मोजण्याचीही सोय असते. वरचा उजेड आणि समोरचा उजेड निरनिराळा पाहून ती पूल कोणता आणि बोगदा कोणता हे ठरवते, आणि पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावरच्या बोगद्यांत शिरताना ते काम बहुधा बिनबोभाट पार पडते.

परंतु उजेड असणे आणि दिसणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. आंबोली, ताम्हिणी, माळशेज या घाटांत श्रावणातल्या भर दुपारी जे पांढरे शुभ्र धुके उतरते, ते उजेडाने ओतप्रोत असते. यंत्राच्या दृष्टीने दिवस आहे, म्हणून ते दिवे लावीत नाही. पुढचे दिवसाचे मंद दिवे आणि उजळलेला फलक पाहून चालक आपले सर्व दिवे लागले आहेत असे समजतो, आणि अनेक गाड्यांत मागचे तांबडे दिवे तेव्हा संपूर्ण विझलेले असतात. काही गाड्यांत वायपर चालू होताच दिवेही लागावेत अशी जोडणी केलेली असते, पण ज्या धुक्याने काच भिजत नाही तेथे तिचाही इलाज चालत नाही. तेव्हा वायपर खुशाल यंत्राच्या मर्जीवर सोडावा, परंतु घाटात धुके दिसताच दिव्यांचे बटण ‘ऑटो’वरून काढून मंद झोतावर स्वहस्ते न्यावे, आणि पावसाळा लागण्यापूर्वी दांडीचे रबर बदलून घ्यावे.