मूळ स्वरूपात

वाणिज्य शाखेत पहिल्याच वर्षी घसारा शिकवतात. गाडी घेतली की तिची किंमत दरसाल कमी करत न्यायची. आता घटत्या शिलकेच्या पद्धतीनं हा घसारा काढला तर गंमत अशी, की शंभर वर्षं काढला तरी आकडा शून्यावर म्हणून येत नाही. परीक्षेपुरतं मी हे पाठ केलं होतं. अर्थ कळला तो मेव्हण्यानं कराडजवळच्या भंगारवाल्याकडून ती गाडी दोर लावून विट्याला ओढत आणली त्या दिवशी. चार चाकांपैकी एकात हवा होती. हौद्यात बाभळ उगवली होती. मेव्हणा मला म्हणाला, “दाजी, वळखली का?”

मी ती गाडी जन्मात पाहिली नव्हती. पण सौभाग्यवतींनी ओळखली आणि ओढणी डोळ्यांना लावली. आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली, पण इतक्या मायेनं तिनं माझ्याकडं पाहिल्याचं काही आठवत नाही. माझ्या सासऱ्यांची, म्हणजे मामांची, गाडी होती ती. १९९४ साली विकलेली.

गाडी महिंद्रची, एफसी १५०. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. जीपचंच नाक कापायचं आणि ड्रायव्हरला थेट पुढच्या चाकांवर नेऊन बसवायचं, अशी ही रचना. इंजिन ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून बसतं. हिवाळ्यात सुख, मे महिन्यात शिक्षा. ब्रुक्स स्टीव्हन्स नावाच्या अमेरिकन माणसानं ती आखली आणि १९५६ च्या अखेरीस विलीज कंपनीनं ती बाजारात आणली. तिकडं ती फारशी चालली नाही, १९६५ साली बंद पडली. त्याच साली महिंद्र कंपनीनं ती आपल्याकडं काढली. एकाच वर्षी तिकडं तेरावं आणि इकडं बारसं!

कंपनीचं नाव तरी कुठं मूळचं होतं? १९४५ साली पाटी लागली ती ‘महिंद्र अँड महंमद’ अशी. फाळणीनंतर भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानात जाऊन तिथले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली महंमदच्या जागी आणखी एक महिंद्र आला. ‘एम अँड एम’ तेवढं शाबूत राहिलं.

तर अशी ही गाडी. पुढं दोघांची केबिन, मागं सव्वासहा फुटांचा हौदा. पण मेव्हण्यानं ओढून आणलेल्या गाडीला दोन केबिनी आहेत. पुढच्या दोघांच्या मागं चौघांची बाकडी, तिला दोन दरवाजे, आणि हौदा उरलाय तीनएक फूट. अशी चार दरवाजांची एफसी अमेरिकन लष्करासाठी १९६० नंतर थोडीफार बनली. एम ६७७ तिचं नाव, आत तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन. जगभरचे शौकीन आज ती शोधत फिरतात. मामांनी हे नाव ऐकलेलंही नसावं. त्यांनी बहात्तर साली सांगलीच्या एका बॉडीवाल्याकडून केबिनची पाठ कापून घेतली, पत्रा जोडला आणि भंगारातल्या अँबॅसिडरचे दोन दरवाजे लावले. त्यातला एक पुढून उघडतो, एक मागून.

हे का केलं, त्याची हकिकत आहे. मामा विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करत. आमच्या दोन जिल्ह्यांच्या रक्तातच हा धंदा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात सायकली विकता विकता लोखंडी नांगराकडं वळले आणि १९१० साली औंध संस्थानच्या निवडुंगाच्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. इकडं साताऱ्याला धनजीशा कूपर यांनी १९२२ साली कारखाना काढला. देशातलं पहिलं डिझेल इंजिन १९३३ साली त्यांच्याकडं, सातारा रोडला, तयार झालं असं मानतात. हेच कूपर १९३७ साली मुंबई इलाख्याचे पंतप्रधान झाले. मंत्रिमंडळ टिकलं साडेतीन महिने. इंजिनं किती टिकली, ते खटाव-आटपाडीच्या कुठल्याही म्हाताऱ्या बागायतदाराला विचारा.

बहात्तरच्या दुष्काळात विहिरी खोल खोल जात होत्या आणि इंजिनं रडत होती. मामा चार फिटर घेऊन आटपाडी, जत पालथं घालत. फिटर हौद्यात, इंजिनाच्या बोकांडी बसून. भिवघाटच्या एका उताराला गाडी खड्ड्यात आपटली आणि चौदा वर्षांचा हेल्पर पोरगा बाहेर फेकला गेला. मांडीचं हाड मोडलं. त्याला मिरजेच्या दवाखान्यात पोचवून मामा गाडीसह थेट सांगलीला बॉडीवाल्याच्या दारात. “माणसं आत बसली पायजेत,” एवढंच त्यांनी सांगितलं. हौदा निम्मा गेला, म्हणजे भाडंही निम्मं गेलं. माझ्यासारख्या कॉमर्सवाल्यानं हा सौदा मुळीच केला नसता.

पुढं १९७३ नंतर पेट्रोल परवडेना, तेव्हा गाडीत ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन आलं.

आता मेव्हण्याचं स्वप्न काय? गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर घ्यायचा. २०२१ साली केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांवरची गाडी असेल तर विंटेज म्हणून वेगळी नोंदणी, वीस हजार रुपये फी, दहा वर्षांची मुदत. रोजच्या वापराला बंदी, पण मिरवणुकीला, प्रदर्शनाला नेता येते. “दाजी, तुमी बँकेत. फॉर्म तुमीच भरा.” मी चष्मा लावून नियम वाचला आणि एका ओळीवर थांबलो. गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नको.

इथं या गाडीचं मूळ स्वरूप काढायचं कुठून? इथं जिल्हासुद्धा मूळ स्वरूपात नाही. १९४९ साली सातारा कापून दक्षिण सातारा केला, १९६० साली त्याला सांगलीचा रंग मारला. विट्याजवळच्या देवराष्ट्र्याचं उदाहरण घ्या. यशवंतराव चव्हाणांचं हे जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून छोटी जीप बनवली, खर्च साठ हजारांच्या आसपास, चालू करायची ती मोटारसायकलसारखी किक मारून. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्र यांनी जाहीर कौतुक केलं आणि त्याच दमात लिहिलं, की नियमात बसत नाही म्हणून ही गाडी आज ना उद्या अडवली जाणारच, तेव्हा आमची बोलेरो घ्या आणि ती आम्हाला द्या. जानेवारी २०२२ मध्ये अदलाबदल झाली. कायद्याचं चुकतं असंही नाही. ज्यानं त्यानं दरवाजे कापायला घेतले तर रस्त्यावर चालायचं कुणी?

मेव्हण्यानं निर्णय घेतला. मागची केबिन कापायची, हौदा पुन्हा सव्वासहा फूट, जुनं पेट्रोल इंजिन शोधायचं. कामाला बोलावलं मामांच्याच जुन्या मिस्त्रीला. सत्तरीकडं झुकलेला, जरा लंगडत चालतो. त्यानं गाडीला एक चक्कर मारली, अँबॅसिडरचा दरवाजा उघडला, लावला. कटर हातात घेतला नाही.

“दादा,” तो मेव्हण्याला म्हणाला, “कापायची तर कापा, गाडी तुमची हाय. पर आधी मला मागं हौद्यात बसवून भिवघाटचा उतार येकदा उतरवा.”

मेव्हणा बराच वेळ बाभळीकडं बघत उभा राहिला. मग स्वतःच विळा आणून ती तोडायला लागला.

फॉर्म माझ्या टेबलाच्या खणात कोराच आहे. ‘व्हीए’ नंबर आता मिळत नाही. मिस्त्री रविवारी येतो, पत्रा ठोकतो, रबरं बदलतो. मागच्या रविवारी मागच्या बाकड्यासाठी रेक्झिन आणायला मलाच पिटाळलं. रंग विचारला. सौभाग्यवती म्हणाली लाल होतं. मेव्हणा म्हणाला हिरवं. मिस्त्री म्हणाला, रेक्झिन कसलं, पोतं होतं.