भूक नसतानाचं खाणं: डीबीटी खाण्याच्या विकारांकडे कशी वळली

गेल्या व्याख्यानात आपण १९७९ पर्यंत आलो होतो. त्या वर्षी लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधल्या जेराल्ड रसेल यांनी ३० रुग्णांची हकीकत मांडली आणि ‘बुलिमिया नर्वोझा’ हे नाव वैद्यकात आलं. थोड्या वेळात भरमसाट खायचं आणि मग वजनाच्या धास्तीनं ओकून टाकायचं किंवा जुलाबाची औषधं घ्यायची, असा हा आजार. त्याआधी वीस वर्षं अमेरिकेत अल्बर्ट स्टंकार्ड यांनी लठ्ठ रुग्णांमधल्या अनावर खाण्याच्या झटक्यांचं वर्णन केलं होतं. आपण ज्याला आज बिंज इटिंग म्हणतो, ते हेच.

नाव मिळालं, पण उपचाराचं काय? ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी १९८१ मध्ये एक वाट दाखवली. त्यांचं गणित असं, की बाई कडक डाएट करते, उपाशी राहते, म्हणून कधीतरी बांध फुटतो. तेव्हा वेळच्या वेळी खायला लावा, आणि वजनाबद्दलच्या टोकाच्या कल्पना तपासून बघा. हा उपचार चांगलाच टिकला. बुलिमियावर आजही आधी त्याचाच विचार होतो. तरी काही जणांना तो लागू पडेना. समजा, डाएट नाही, पोटात भूकही नाही. फोनवर भांडण झालं, आणि भानावर येईपर्यंत बिस्किटांचा पुडा रिकामा. इथे बांध कशानं फुटला?

आपल्याकडे अशा माणसाला आपण काय म्हणतो? ‘जिभेवर ताबा नाही.’ म्हणजे दोष जिभेचा, नाहीतर स्वभावाचा. गंमत म्हणजे जीभ यात फारशी नसतेच. चव कळण्याआधी घास खाली गेलेला असतो.

आता जरा सिअ‍ॅटलला जाऊ. तिथे वॉशिंग्टन विद्यापीठात मार्शा लिनेहान वेगळ्याच रुग्णांवर काम करत होत्या. वारंवार स्वतःला इजा करणाऱ्या, आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या स्त्रिया. ‘तुझ्या वागण्यात हे बदल, ते बदल’ म्हटलं की त्यांना वाटे, आपल्यालाच दोष देताहेत. नुसतं समजून घेतलं तर वाटे, आपलं दुःख कुणी हलकं करत नाही. लिनेहान यांनी दोन्ही एकदमच धरलं: तू आज जशी आहेस तशी मान्य, आणि बदलायलाही हवंच. हेच ते ‘डायलेक्टिकल’. स्वीकाराचा भाग त्यांनी झेन साधनेतून घेतला. आपण लगेच ‘हे तर आमच्याकडचंच’ म्हणू नये. त्यांचे एक झेन गुरू विलिगिस येगर हे जर्मन बेनेडिक्टाइन साधू होते! डीबीटीची पहिली नियंत्रित चाचणी १९९१ मध्ये छापून आली, पुस्तकं १९९३ मध्ये. लिनेहान स्वतः १९६१ मध्ये, सतराव्या वर्षी, हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात दाखल होत्या, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं.

हा उपचार खाण्याकडे वळवला तो स्टॅनफर्डच्या क्रिस्टी टेल्च, स्ट्युअर्ट अ‍ॅग्रस आणि डेब्रा सेफर यांनी. त्यांचं म्हणणं असं, की अनावर खाणं हा नकोशा भावनेपासून सुटका करून घेण्याचा मार्ग आहे. खाताना ती भावना काही मिनिटं बधिर होते, म्हणूनच सवय घट्ट होते. मग शिकवायचं काय? भावना ओळखणं, ती सोसणं, सजगपणे खाणं, आणि खाण्याची ऊर्मी आली की लाटेसारखी चढू-उतरू देणं. दर झटक्याची साखळी कागदावर मांडायची: आधी काय घडलं, मग काय वाटलं, कुठली कडी तोडता आली असती.

यातली एक कल्पना आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते. रुग्णानं अनावर खाणं पूर्ण सोडायचा निश्चय करायचा. पण घसरण झालीच तर ‘आता सगळंच गेलं’ म्हणून आणखी खायचं नाही, स्वतःला माफ करून तिथूनच पुढे निघायचं. उपास मोडला की ‘आता मोडलाच आहे तर’ म्हणत ताट भरून घेणारे आपल्यालाही माहीत आहेत, नाही का?

आता आकडे. २००१ मध्ये बिंज इटिंगवरची चाचणी प्रसिद्ध झाली: २० आठवडे, गटात. उपचार पूर्ण केलेल्या १८ स्त्रियांपैकी १६ जणींचं अनावर खाणं थांबलं. प्रतीक्षा यादीतल्या १६ पैकी दोघींचं. सहा महिन्यांनी मात्र १८ पैकी १० जणीच सावरलेल्या होत्या. त्याच वर्षीच्या बुलिमियाच्या चाचणीत १४ पैकी ४. म्हणजे काहीच न करण्यापेक्षा बरं, हे नक्की.

खरी परीक्षा २०१० ची. १०१ जणांवर, आणि समोर प्रतीक्षा यादी नव्हे तर आधार देणारी साधी गटचिकित्सा. उपचार संपताना डीबीटी पुढे होती, ६४ टक्के विरुद्ध ३६. वर्षभरानं दुसरा गट ५६ वर पोचला, म्हणजे फरक जवळपास मिटला. मग डीबीटीचं वैशिष्ट्य काय उरलं? आमच्या मते, गळतीचा आकडा. साध्या गटातून तिसरा हिस्सा लोक मधेच निघून गेले. डीबीटीतून फक्त ४ टक्के. लाजेपायी उपचार सोडणाऱ्या या आजारात हे थोडं नाही.

अ‍ॅनोरेक्सियाला, म्हणजे स्वतःला उपाशी ठेवण्याच्या आजाराला, मात्र हा साचा नीट बसेना. तिथे ताबा सुटलेला नसतो, उलट नको इतका आवळलेला असतो. म्हणून थॉमस लिंच यांनी डीबीटीचं एक वेगळंच रूप घडवलं. त्यात रुग्णाला आवरायला नाही, सैल व्हायला शिकवतात. ते आपण पुढच्या खेपेला बघू.