ऑफिसचे कॉम्प्युटर रात्री अपडेट का होतात?

मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधली एक त्रुटी दूर करणारा पॅच दिला. १२ मे रोजी त्याच त्रुटीतून 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर व्हायरस पसरला आणि ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. पॅच बसवायचा राहिला होता.

दिवसा पॅच बसवला तर काम चालू असतानाच रीस्टार्टची वेळ येते. म्हणून आयटी विभाग 'कॉन्फिगरेशन मॅनेजर'सारख्या सॉफ्टवेअरमध्ये कॉम्प्युटरचे गट पाडून प्रत्येक गटाला रात्रीची वेळ नेमून देतो. सुरुवात थोड्या कॉम्प्युटरवर चाचणीने होते. अडचण बंद कॉम्प्युटरची. 'वेक-ऑन-लॅन'ने नेटवर्कवरून तो चालू करता येतो. पण प्लगच काढला असेल, तर इलाज नाही. घरी गेलेल्या लॅपटॉपसाठी वेगळा गट लागतो. आणि चोवीस तास चालणाऱ्या वॉर्डातल्या कॉम्प्युटरला तर रात्रच नसते. त्याची वेळ तिथल्या नर्सना विचारूनच ठरवावी लागते.