डॉकर : पोर्ट जोडणीतील दोष आणि धोका

घरच्या सर्व्हरवर डॉकरचा कंटेनर सुरू असूनही ब्राउझरमध्ये पान उघडत नसेल, तर प्रथम पोर्टची जोडणी तपासावी. '८०८०:८०' यातील पहिला क्रमांक सर्व्हरचा, तर दुसरा कंटेनरमधील असतो. हा क्रम उलटा झाल्यास संपर्क होत नाही. क्रम बरोबर असल्यास कंटेनरमधील प्रोग्राम केवळ १२७.०.०.१ या पत्त्यावरच विनंत्या स्वीकारत नाही ना, हे पाहावे. तसे असल्यास तेथे ०.०.०.० हा पत्ता द्यावा.

मात्र, लिनक्सवर डॉकरने खुले केलेले पोर्ट सहसा 'यूएफडब्ल्यू' या फायरवॉलच्या नियमांना जुमानत नाही. त्यामुळे बंद समजलेला डेटाबेस इतरांना खुला राहू शकतो. त्याचा वापर त्याच संगणकापुरता असल्यास '१२७.०.०.१:५४३२:५४३२' अशी जोडणी करावी.