विश्रामबागवाडा

इंग्लंडातील जुन्या शहरांत विटांची उंच, चिंचोळी घरे एकमेकांना खेटून उभी दिसतात. १६६६ साली लंडन जळाले आणि पुढच्याच वर्षी घरांच्या बाहेरील भिंती विटांच्या अथवा दगडांच्या असाव्यात, असा कायदा झाला. आगीच्या धाकाने तेथे विटेला असा मान मिळाला. पुण्याच्या वाड्यांतही वीट होतीच. परंतु इमारतीचा भार पेलणारा सांगाडा मुख्यतः लाकडी खांब-तुळयांचा असे. परिणामी पेशव्यांच्या वास्तूंचा इतिहास हा पुष्कळसा आगींचा इतिहास झाला. १८२८ मध्ये शनिवारवाड्यातील महाल भस्मसात झाले, तट तेवढा उरला. पेशवाईतील सुतारांचे कसब त्याच्या जागी पाहावयाचे, तर आज विश्रामबागवाड्यात जावे लागते.

दुसऱ्या बाजीरावाने हा वाडा १८०७ च्या सुमारास, सुमारे २ लक्ष रुपये खर्चून बांधविला. इंग्रजी घर उजेड घेते तो रस्त्याकडून आणि परसाकडून. वाड्याचा उजेड मात्र चौकातून येतो. येथे असे तीन चौक असून त्यांच्याभोवती सोपे आणि दालने आहेत. सुरूच्या झाडाच्या घाटाचे निमुळते खांब, त्यांवरील केळफुलांचे नक्षीकाम आणि महिरपी हे या वास्तूचे खरे वैभव होय.

१८१७ साली बाजीरावाने पुणे सोडले. धनी गेला, तरी घर रिकामे राहिले नाही. १८२१ मध्ये इंग्रज सरकारने पेशव्यांच्या दक्षिणेच्या निधीतून येथे ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी संस्कृत पाठशाळा उघडली. तिचाच विस्तार होत पुढे डेक्कन कॉलेज झाले. १८७९ च्या मे महिन्यात बुधवारवाडा आगीत नष्ट झाला, त्याच वेळी विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागासही आग लागली. तो भाग लोकांच्या वर्गणीच्या साहाय्याने पुन्हा उभारण्यात आला. तेव्हा वाड्यातील सर्वच काम बाजीरावाच्या काळचे आहे, असे मात्र समजू नये. विसाव्या शतकात नगरपालिकेचे कार्यालयही येथे दीर्घकाळ होते.

कचेरीच्या वहिवाटीने जुन्या लाकडाची झीज होते, हे खरे. तथापि ज्या घरात रोज माणसे येतात, त्याचे गळके छप्पर कोणाच्या तरी नजरेस पडतेच. आज ही वास्तू वारसा म्हणून संरक्षित आहे. तिला सरकारी संरक्षण मिळण्याच्या कितीतरी आधी, येथे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी, काम करणाऱ्या कारकुनांनी आणि वर्गणी देणाऱ्या पुणेकरांनी तिला सांभाळले होते, हे विसरता कामा नये.