पतिट्ठान : पैठणची पालीतील आणि पाषाणातील ओळख

छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेस गोदावरीकाठी वसलेले पैठण म्हटले की सामान्य मराठी वाचकाला संत एकनाथ, पैठणी आणि 1976 साली पूर्ण झालेले जायकवाडीचे धरण आठवते. यांत चूक काही नाही. परंतु या लहानशा गावाच्या वारशाची मोजणी एकनाथांपासून सुरू करण्याची जी प्रथा पडली आहे, तिच्यामुळे किमान दीड हजार वर्षांचा इतिहास वगळला जातो.

पाली वाङ्मयात हे नगर ‘पतिट्ठान’ या नावाने येते. सुत्तनिपाताच्या पारायनवग्गात गोदावरीतीरी राहणारा बावरी आपल्या सोळा शिष्यांना तथागतांकडे पाठवतो. पतिट्ठान, माहिस्सती, उज्जेनी, वेदिस, कोसंबी, साकेत, सावत्थी असा त्यांचा मार्ग तेथे क्रमाने दिला आहे. या नगराचा प्रदेश काही पाठांत ‘अळक’, तर काहींत ‘मूळक’ असा आढळतो. दुसरा पाठ मला अधिक ग्राह्य वाटतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हा मार्ग ज्या वत्थुगाथांत आहे, त्यांवर चूळनिद्देसात भाष्य नाही. प्रश्नोत्तरांवर मात्र आहे. म्हणजे वत्थुगाथा मागाहून जोडल्या गेल्या असाव्यात. त्यामुळे बुद्धकाळीच पैठणात धम्म पोहोचला, असे व्यासपीठावरून ठामपणे सांगितले जाते, त्याला या गाथांचा आधार पुरेसा नाही. गाथाकाराला दक्षिणापथाचा हा रस्ता गावागावांनिशी माहीत होता, एवढे निश्चित म्हणता येते. आणि तेही थोडे नव्हे.

खरा भक्कम पुरावा पाषाणात आहे. कन्नड तालुक्यात, सातमाळ्याच्या रांगेत पितळखोऱ्याची लेणी आहेत. इ. स. पूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकांतील तेथील चैत्यगृहाच्या स्तंभांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरली आहेत. एक स्तंभ पतिठानच्या मितदेवाचा. त्याचे कुल गांधिकांचे, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्यांचे. दुसरा पतिठानच्याच संघकाच्या पुत्रांचा. राजाचे नाव या दानांत नाही. स्वकष्टाच्या धनातून एकेक खांब देणाऱ्या नगरवासीयांनी हे चैत्यगृह उभे राहण्यास हातभार लावला. ‘संघक’ हे नावच पुरेसे बोलके आहे. तेथेच सापडलेल्या यक्षमूर्तीच्या तळहातावर ती घडविणाऱ्या कण्हदास नामक सोनाराचे नाव आहे. कारागिराने आपले नाव असे कोरून ठेवावे, हे आपल्या प्राचीन शिल्पांत विरळाच.

हे धन येत होते कोठून? इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथानुसार पैठणहून मौल्यवान दगड गाड्यांतून भरुकच्छ, म्हणजे आजच्या भडोच बंदराकडे जात. वाट वीस दिवसांची होती. टॉलेमीने दुसऱ्या शतकात हे नगर सातवाहन राजा पुळुमावीची राजधानी म्हणून नोंदविले.

पैठणच्या पांढरीत 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात झालेल्या उत्खननात आरंभीची विटांची हिंदू मंदिरे उजेडात आली. मितदेवाच्या काळातील नगराचा विचार मात्र आजही पितळखोऱ्याच्या लेखांपासूनच सुरू करावा लागतो. यक्षमूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात सुरक्षित आहे. लेण्यांचा दर्शनी भाग मात्र केव्हाच ढासळला असून तेथील खडक पाण्याने झिजत आहे. नामाक्षरे स्तंभांवर स्पष्ट आहेत तोवर आपल्या विहारांतील तरुणांनी तेथे जाऊन ती स्वतः वाचावीत. त्यासाठी लागणारी ब्राह्मी चार आठवड्यांत शिकता येते.