सारासाते मध्येच काय बोलला?

मागच्या शनिवारी बाहेर पडायचा जाम कंटाळा आला होता. हेडफोन चढवला आणि दुपारभर एकच रचना ऐकली. पाब्लो दे सारासातेची 'त्सिगॉयनरवाइझन'. नाव उच्चारताना जीभ अडखळते, पण सूर कुठे ना कुठे कानावर पडलेले असतात. हंगेरीतल्या रोमा वादकांच्या ढंगात या स्पॅनिश व्हायोलिनवादकाने ती १८७८ साली लिहिली. आठ-नऊ मिनिटांचा ऐवज. आधी ऐटदार सुरुवात, मग संथ आळवणी, मग घोडीवर म्यूट चढवून वाजवायची एक दुखरी धून, आणि शेवटी असा सुसाट वेग की गज धरलेला उजवा हात कमी पडतो म्हणून डाव्या हाताची बोटंही तारा छेडायला लागतात.

आता आमच्या धंद्यातली सवय अशी, की कोड कळला नाही तर ज्याने लिहिला त्यालाच गाठायचं. इथे तशी सोय चक्क आहे! सारासातेने १९०४ साली, साठाव्या वर्षी, स्वतः ही रचना ध्वनिमुद्रित केली. मायक्रोफोन नव्हता, विजेवरचं ध्वनिमुद्रण यायला १९२५ उजाडावं लागलं. भोंग्यासमोर उभं राहायचं आणि वाजवायचं. मला वाटलं, झालं, निकाल लागला. खुद्द कर्त्याने वाजवलंय, बाकीच्यांनी गप्प बसावं.

ऐकलं तर भलतंच. खरखरीमागून व्हायोलिन येतं ते एकदम सडपातळ, चपळ. रडारड नाही. स्वराला हल्लीसारखं जाड कंपन नाही, जरासा थरार फक्त. जिथे आजचे वादक डोळे मिटून रेंगाळतात तिथून हा माणूस घाईची लोकल पकडायची असल्यासारखा निघून जातो. आणि मध्येच चक्क बोलतो! दोन-चार शब्द, पुटपुटल्यासारखे. नेमकं काय, यावर एकमत नाही. पुढच्या भागावर उडी मारायची, असं पियानोवाल्याला सांगितलं असावं असा तर्क आहे. कारण ती म्यूटवाली धून या ध्वनिमुद्रणात नाहीच. सरळ शेवटच्या धावपळीवर गाडी जाते.

तबकडीवर जागा मोजकीच असायची, हे आपल्याला नवीन नाही. याच ग्रामोफोन कंपनीने १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहर जानला गायला लावलं, तेव्हा तिनेही तीन मिनिटांत राग बसवला आणि शेवटी स्वतःचं नावही सांगून टाकलं. पण तिने काटछाट करून जे ठेवलं ते मोलाचं होतं. सारासातेने रचनेचं काळीजच वगळलं, असं मला आधी वाटलं आणि चक्क राग आला.

मग कळलं की ती धून मुळात त्याची नव्हतीच. एलेमेर सेंतिर्माय नावाच्या हंगेरियन संगीतकाराच्या गाण्याची ती चाल. सारासातेला वाटलं लोकगीत आहे, उचललं. मूळ मालकाने पत्र लिहून लक्षात आणून दिल्यावर पुढे छापील प्रतीत श्रेय आलं. शेवटच्या भागातली एक धूनही लिस्टच्या तेराव्या हंगेरियन ऱ्हॅप्सडीत भेटते. म्हणजे 'मूळ कर्ता' शोधायला निघालो आणि सापडला जोडणारा. ओपन सोर्सवाल्यांना हसू येईल.

असो. मग पुढची ध्वनिमुद्रणं. यॅशा हायफेट्झने १९३७ मध्ये बार्बिरोलीबरोबर आणि १९५१ मध्ये स्टाइनबर्गबरोबर ती वाजवली. दोन्हीत शेवटचा भाग ऐकताना माणूस वाजवतोय यावर विश्वास बसत नाही. पण माझा जीव अडकलाय तो १९५१च्या म्यूटवाल्या धुनेत. हायफेट्झला थंड म्हणतात. म्हणणाऱ्यांनी त्या दोन मिनिटांतल्या मींडा ऐकाव्यात. दोन स्वरांमध्ये तो असा सरकतो की मध्ये कुठे थांबला होता ते शोधायला मी चार वेळा मागे नेलं. सापडलं नाही.

ॲन-सोफी मुट्टरचं १९९०च्या दशकातलं, जेम्स लिवाइन आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबरचं, त्याच्या अगदी उलट. खालच्या तारेवरचा आवाज इतका दाट की चमच्याने खावा. सुरुवात तिच्यासारखी कुणाचीच नाही, हे कबूल. पण संथ भागात प्रत्येक स्वर उसासा टाकतो, आणि सारासाते ऐकून आल्यावर ते जरा जास्तच वाटतं. आधी ऐकलं असतं तर कदाचित हेच आवडलं असतं.

जपानमध्ये उचिदा ह्याक्केन या लेखकाने सारासातेच्या त्या तबकडीवर कथाच लिहिली आणि सेइजुन सुझुकीने तिच्या आधाराने १९८० मध्ये सिनेमा काढला, नाव हेच. त्यात दोन मित्र ग्रामोफोनपाशी बसून 'हा काय बोलला?' असं एकमेकांना विचारतात. रविवारी रात्री मीही आवाज पूर्ण वाढवून ती जागा पुन्हा ऐकली. आई दारात येऊन म्हणाली, "अरे, ते बिघडलंय का? कोणीतरी बोलतंय मध्ये."